डीएलसीवरच्या तक्रारी उलगडून छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या मोठ्या रोल-प्लेइंग गेमचा (ज्यात खेळाडू एका पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेतो) डीएलसी, म्हणजे मूळ गेमला जोडायचा, वेगळा उतरवून घ्यायचा जादा भाग, आला की दोन-तीन दिवसांत एक ठरावीक बातमी फिरते: ‘खेळाडू नाराज, स्टीमवर संमिश्र प्रतिसाद’. मराठी वर्तमानपत्रांच्या तंत्रज्ञानाच्या पानावरही ती येते आणि तेवढ्यावरच संपते. नाराजी नेमकी कशाबद्दल आहे, ती कोणाची आहे आणि नागपुरात बसून पैसे मोजणाऱ्याला ती लागू पडते का, यातले काहीच वाचकाच्या हाती लागत नाही. खेळाडूंच्या तक्रारी हा फार उपयोगी मजकूर आहे. तो सुटा करून, कारणांसह छापला तर वाचकाचे पैसेही वाचतील आणि चांगले काम केलेल्या गेमवर अन्यायही होणार नाही.

आधी त्या ‘संमिश्र’ शेऱ्याबद्दल. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर अभिप्राय देणाऱ्यापुढे दोनच पर्याय असतात, शिफारस करतो किंवा करत नाही. पाचपैकी साडेतीन तारे देण्याची सोय तिथे नाही. अनुकूल मते ४० ते ६९ टक्क्यांच्या दरम्यान असली की शेरा ‘संमिश्र’. म्हणजे तिघांपैकी दोघांना आवडलेला डीएलसीही संमिश्रच ठरतो. शिवाय ‘नाही’ म्हणणाऱ्यांत गेम अडखळतो म्हणून वैतागलेला, कथा न पटलेला, किंमत जास्त वाटलेला आणि डीएलसीच्या दारापर्यंतच न पोहोचलेला, असे चौघेही एकाच आकड्यात मोजले जातात. चौघांवरचे उपाय मात्र अगदी वेगवेगळे आहेत.

‘एल्डन रिंग’चे उदाहरण घेऊ, कारण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्यात सापडते. मूळ गेम २५ फेब्रुवारी २०२२ ला आला आणि त्याचा ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ हा डीएलसी २१ जून २०२४ ला. अमेरिकेत किंमत ४० डॉलर. पहिल्याच दिवसांत स्टीमवर ‘संमिश्र’ शेरा लागला आणि मुख्य तक्रार होती ती कठीणपणाची. दीडशेच्या वर लेव्हल (पात्राच्या ताकदीची पातळी) नेलेले खेळाडू दोन फटक्यांत आडवे होत होते. याचे कारण गेमच्या रचनेत होते. या डीएलसीच्या भूभागात मूळ लेव्हलपेक्षा ‘स्काडूट्री फ्रॅगमेंट’ जास्त महत्त्वाचे असतात. असे एकूण ५० तुकडे नकाशावर विखुरलेले आहेत. ‘ग्रेस’ या विसाव्याच्या जागी बसून ते खर्च केले की एक आशीर्वाद वाढत जातो, त्याची कमाल पातळी २०. त्याने आपला घाव वाढतो आणि आपल्याला बसणारा कमी होतो, पण फक्त त्या भूभागात. मदतीला बोलावायच्या आत्म्यांसाठी वेगळे तुकडे आहेत. ज्यांनी नकाशा न फिरता थेट बॉसची, म्हणजे मोठ्या बलाढ्य शत्रूंची, दारे ठोठावली, त्यांचा आशीर्वाद दोन-तीनवरच अडकलेला होता आणि समोरचा बॉस त्याहून बऱ्याच वरच्या पातळीसाठी बेतलेला होता. प्रकाशनानंतर आठवड्याभरातच गेम बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरने पॅच (दुरुस्तीचा अपडेट) देऊन या आशीर्वादाच्या पहिल्या अर्ध्या पातळ्या अधिक जोरकस केल्या. म्हणजे तक्रारीत तथ्य होतेच आणि कंपनीने ते मान्यही केले. पण पॅचआधीचा अभिप्राय आणि पॅचनंतरचा अभिप्राय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीत तारीख आणि आवृत्ती नसेल, तर वाचकाला दुरुस्त झालेल्या दोषाचीच भीती घातली जाते.

दुसरी मोठी तक्रार पीसीवर गेम अडखळण्याची. इथेही एक कारण कंपनीनेच सांगितले होते: जुन्या आवृत्तीतली सेव्ह फाइल उघडल्यावर रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याचे, सेटिंग खेळाडूने न करताच चालू झालेले असू शकते. ग्राफिक्सच्या पानावर जाऊन ते बंद करायचे, एवढाच त्यावरचा उपाय. त्याने सर्वांचे सगळे त्रास गेले असे नाही, पण तपासायची पहिली जागा हीच. दुसरी जागा म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअर. तिसरी, स्टीममध्ये गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’खाली फाइलींची शहानिशा करून घेणे. डाउनलोड चालू असताना वीज गेली असेल तर ही पायरी टाळूच नये. आपल्याकडे मे-जूनच्या वादळात तो प्रसंग येतोच.

आणि नागपूरकरांसाठी चौथी जागा, जी परदेशी समीक्षेत कधीच येणार नाही, ती म्हणजे उन्हाळा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे मे-जूनमध्ये आलेला डीएलसी आपल्याकडे ऐन सुट्टीत, ४४-४५ अंशांच्या दुपारी खेळला जातो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठरावीक तापमानाच्या वर गेले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात, आणि लॅपटॉपमध्ये हे फार लवकर होते. खोलीच ४० अंशांवर असेल तर पंखा कितीही फिरला तरी आत ओढतो ती गरम हवाच. तपासायची रीत सोपी आहे. गेममधल्या एकाच जागी, त्याच सेटिंगवर, सकाळी सहाला आणि दुपारी तीनला दहा-दहा मिनिटे खेळून एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) आणि तापमान पाहा. दुपारीच घसरण होत असेल तर दोष गेमचा नाही. सावल्यांचे आणि गवताचे सेटिंग एक पायरी खाली आणा, लॅपटॉपची मागची बाजू दोन इंच उचला, पंख्यातली धूळ काढून घ्या. कुलरसमोर मात्र पीसी ठेवू नये. ती हवा गार असली तरी ओली असते, आणि तिच्यासोबत येणारी धूळ कार्डाच्या पत्र्यांवर चिकटून बसते, मग पुढचा उन्हाळा आणखी वाईट जातो. याउलट, नव्या भागात पहिल्यांदा शिरतानाच झटका बसतो आणि दुसऱ्यांदा त्याच वाटेने जाताना बसत नाही, असे असेल तर ते बहुधा शेडर (पडद्यावरचे रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्याचे अडखळणे. त्याला उष्णता कारण नाही आणि सेटिंग कमी करूनही ते फारसे जात नाही.

आता दाराची गोष्ट, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. डीएलसी विकत घेतला म्हणजे तो लगेच खेळता येतो असे नाही. ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’त शिरायला आधी राडान आणि मोग हे दोन बॉस हरवावे लागतात. मोग तर गेमच्या आडवाटेला आहे, मुख्य कथेत तो आपोआप भेटत नाही. दोघे आधी हरवले असले तरी न्यू गेम प्लस (संपवलेला गेम त्याच पात्राने पुन्हा पहिल्यापासून) सुरू केले असेल तर त्या फेरीत पुन्हा हरवावे लागतात. ‘सायबरपंक २०७७’चा ‘फँटम लिबर्टी’ पॅसिफिका भागातल्या व्हूडू बॉइजच्या कथेनंतर उघडतो. नव्या खेळाडूसाठी थेट तिथून सुरुवात करायची सोय मात्र त्यात दिली आहे. ‘विचर ३’च्या दोन्ही विस्तारांतही मेनूतून तयार गेराल्ट (गेमचा नायक) घेऊन थेट सुरुवात करता येते, फक्त आपली जुनी तलवार-चिलखते सोबत येत नाहीत. याबाबतीत सर्वांत आडमुठा होता ‘डार्क सोल्स’चा २०१२ मधला ‘आर्टोरियास ऑफ द अबिस’. हायड्रा मारायचा, राजकन्या डस्कला सोडवायचे, मग पार दुसऱ्या टोकाच्या ड्यूक्स आर्काइव्ह्जमधल्या एका स्फटिकी गोलेमकडून तुटके पेंडंट मिळवायचे आणि परत यायचे. गेम हे कुठेच धड सांगत नाही.

याचा थेट संबंध पैसे परत मिळण्याशी आहे. स्टीमवर डीएलसीचे पैसे १४ दिवसांत परत मागता येतात, पण अट अशी की डीएलसी घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा. डीएलसी आल्या दिवशी घेतला आणि मोगपर्यंत पोहोचायला अजून वीस तास असतील, तर नव्या भूभागाचे गवतही न पाहता परतीचा हक्क संपतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी दार गाठायचे, दारातच सेव्ह करायचे, मग डीएलसी विकत घ्यायचा आणि पहिल्या दीड तासात आपल्या यंत्रावर तो नीट चालतो की नाही ते पाहायचे. प्लेस्टेशनवर एवढीही मुभा नाही. तिथे डाउनलोड सुरू केले की सदोष मालाचा अपवाद वगळता परतीचा मार्ग बंद होतो.

प्लेस्टेशनच्या डिस्क घेणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. सीताबर्डीत किंवा ऑनलाइन जुनी डिस्क स्वस्तात मिळते, पण डीएलसी ज्या देशाच्या अकाउंटवरून घेतला, त्याच विभागाच्या डिस्कशी तो जुळतो. अमेरिकेसाठी छापलेली डिस्क आणि भारतीय अकाउंटवरचा डीएलसी बहुधा जुळत नाहीत. पैसे कापले जातात, फाइल उतरते, आणि गेममध्ये काहीच दिसत नाही. डिस्कच्या पाठीवरचा क्रमांक आणि स्टोअरमधल्या डीएलसीची माहिती आधी ताडून पाहावी. ‘कंप्लीट एडिशन’ लिहिलेल्या जुन्या डब्यातही डीएलसी डिस्कवर आहे की आतल्या कागदावरच्या कोडमध्ये, हे विचारावे. कोड एकदा वापरला की संपला. पीसीवर हाच घोळ दुकानांचा होतो: मूळ गेम एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावर आणि डीएलसी स्टीमवर घेतला तर दोघांची गाठ पडत नाही. ‘फँटम लिबर्टी’ प्लेस्टेशन ४ साठी आलाच नाही, ही गोष्ट तर प्रत्येक बातमीच्या पहिल्या परिच्छेदात असायला हवी होती, कारण आपल्याकडे अजून कितीतरी घरांत तेच यंत्र आहे.

मॉड, म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल, वापरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको, तरी लिहितो. डीएलसीबरोबर मूळ गेमलाही पॅच येतो आणि जुने मॉड त्यावर कोसळतात. डिसेंबर २०२२ मध्ये ‘विचर ३’च्या ४.० आवृत्तीने वर्षानुवर्षांचे मॉड मोडले होते. आधी सेव्ह फाइलींचे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवायचे, मॉड काढायचे, मग अपडेट घ्यायचा. हे न करता ‘डीएलसीने गेम बिघडवला’ असा अभिप्राय देणारे पुष्कळ असतात.

हे सारे तांत्रिक. पण खेळाडूंचा खरा, टिकणारा राग ज्यावर असतो ती गोष्ट वेगळी आहे आणि तिला मोठा इतिहास आहे. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा कंपनीने आपल्या ‘ऑब्लिव्हियन’ गेममध्ये घोड्याचे चिलखत विकायला काढले, एक्सबॉक्सवर सुमारे अडीच डॉलरना. रक्कम किरकोळ, पण दिखाव्यापलीकडे फारसे काही न देणारी वस्तू वेगळी विकली म्हणून तो राग आजही दाखला म्हणून दिला जातो. त्याच गेमचा ‘शिव्हरिंग आयल्स’ पुढच्या वर्षी आला, तो कितीतरी महाग होता आणि खेळाडूंनी तो डोक्यावर घेतला. मार्च २०१२ मध्ये ‘मास इफेक्ट ३’च्या प्रकाशनाच्याच दिवशी ‘फ्रॉम ॲशेस’ वेगळ्या दहा डॉलरना विकायला ठेवला. त्यात जाविक हा शेवटचा प्रोथियन (गेममधल्या एका नामशेष प्राचीन वंशाचा) होता, म्हणजे कथेच्या गाभ्यातले पात्र. गेममधून काढून तेच परत विकताय का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्त होता. ‘फॉलआउट ३’चा ‘ब्रोकन स्टील’ २००९ मध्ये आला, त्याने शेवट बदलून पुढे खेळत राहण्याची सोय केली आणि लेव्हलची मर्यादा २० वरून ३० केली. लोकांना आवडला, तरी मूळ गेममध्येच हे का नव्हते, ही कुरकुर राहिली. ‘विचर ३’ने उलट केले. १६ छोटे डीएलसी फुकट दिले आणि पैसे फक्त दोन मोठ्या विस्तारांचे घेतले. त्यातला ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ जेमतेम दहा तासांचा आहे, तरी त्याबद्दल ‘छोटा निघाला’ असे क्वचितच ऐकू येते. ‘ब्लड अँड वाइन’ला तर २०१६ च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट रोल-प्लेइंग गेमचा मान मिळाला, विस्तार असूनही.

तासाला किती रुपये पडले, हे गणित म्हणूनच मला चुकीचे वाटते. अनेक मराठी यूट्यूब चॅनेलही तेच लावतात. नकाशाभर तीच छावणी वीस वेळा मांडून तास वाढवता येतात. डीएलसी मोजायचा तो, मूळ कथेतले काही अडवून ठेवले आहे का, नवे शत्रू आणि नवी शस्त्रे खेळायची पद्धत बदलतात का, आणि पॅचमधून फुकट मिळणारे काय व पैसे देऊन मिळणारे काय, यावरून. ‘सायबरपंक’च्या वेळी २.० आवृत्तीतली कौशल्यांची नवी मांडणी सर्वांना फुकट मिळाली होती, तीही ‘फँटम लिबर्टी’च्या काही दिवस आधी. तरी अनेकांनी ती पैसे देऊन घ्यायची गोष्ट समजली.

तेव्हा आपल्या पुरवणीला विनंती आहे. डीएलसीबद्दल छापताना या गोष्टी बातमीत असाव्यात: कोणत्या यंत्रावर तो चालतो आणि कोणत्यावर नाही, आत शिरायला मूळ गेममध्ये काय पूर्ण असावे लागते, कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या तारखेला मते गोळा केली, प्रतिकूल मतांत कामगिरीच्या तक्रारी किती आणि आशयाच्या किती, आणि वयाची अट. शेवटची गोष्ट पालकांसाठी. ‘विचर ३’ आणि ‘सायबरपंक’ यांना युरोपीय मानांकनात १८ वर्षे आणि वरचा गट दिलेला आहे, आणि सहावीतल्या मुलाला सुट्टीची भेट म्हणून त्यांचा विस्तार घेऊन देण्याआधी दुकानदाराने नाही तरी वर्तमानपत्राने ते सांगितले पाहिजे. पहिली बातमी आल्यावर महिन्याभराने, दोन-तीन पॅच होऊन गेल्यावर, त्याच डीएलसीवर आणखी एक छोटी चौकट दिलीत तर ती पहिल्या बातमीपेक्षा जास्त लोक कापून ठेवतील.

आपला,
एक वाचक
प्रतापनगर, नागपूर