खरबुजात दूध नको, गुलाबजल घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की पुरवण्यांतून आणि गाड्यांवरून फालुदा सुरू होतो. लाल सरबत, आटीव दूध, वर आइस्क्रीमचा गोळा. खाऊन तहान भागत नाही ती नाहीच. इराणच्या कोरड्या मुलखात फळांचं ‘पालूदे’ करतात, ते याहून फार साधं. किसलेलं खरबूज, साखर, गुलाबजल आणि बर्फ. दूध अजिबात नाही. आपल्या एप्रिल-मेला हेच मानवेल.

साधारण किलोभराचं, देठाच्या विरुद्ध टोकाला गोड वास येणारं खरबूज घ्यावं. कापण्याआधी साल घासून धुवावी, कारण जाळीत बसलेली माती आणि जंतू सुरीबरोबर आत जातात. बियांभोवतीचा रेशाळ भाग टाकू नये. चाळणीवर दाबून त्याचा रस काढला तर चव दुप्पट होते. गर पाचशे ग्रॅमच्या आसपास निघतो, तो जाड किसणीवर किसावा. मिक्सर लावला की फेस येतो आणि थोड्या वेळात पाणी खाली, चोथा वर. कीस झाकून तासभर फ्रिजमध्ये ठेवावा. वाढण्याच्या दहा मिनिटं आधी 40 ग्रॅम पिठीसाखर, दोन चहाचे चमचे गुलाबजल, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालावं, वर बर्फ. साखर आधीच घातली तर किसातलं सगळं पाणी सुटतं आणि हाती सरबत उरतं. दूध घालायचा मोह होईल, पण खरबुजातलं एक विकर (एन्झाइम) दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं, म्हणून ठेवलेला खरबूज-मिल्कशेक कडू लागतो.

सफरचंदाचंही पालूदे असंच करता येतं, फक्त ते लिंबू पिळलेल्या गार पाण्यातच किसावं, नाहीतर काळं पडतं. मोसंबी जालन्याची कितीही चांगली असो, रस काढून ठेवला की कडवटपणा येतो. तिच्या वाटेला जाऊ नये.

पालूदे गोठवलेलं हवं असेल तर साखर 60 ग्रॅम करून मिश्रण पसरट स्टीलच्या ताटात फ्रीझरला लावावं आणि दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडावं. साखर कमी पडली तर दगड होतो, फार झाली तर गोठतच नाही. इराणातल्या शिराझकडे यात स्टार्चच्या बारीक शेवया असतात. 50 ग्रॅम कॉर्नफ्लोअर 250 मिली पाण्यात कालवून मंद आचेवर काचेसारखं पारदर्शक होईपर्यंत घोटायचं आणि गरम असतानाच सोऱ्याने बर्फाच्या पाण्यात पाडायचं. पांढुरकं राहिलं तर शेवया तुटतात, थंड झालं तर सोऱ्यातून उतरत नाही.

पूर्वी वीज नसताना इराणात बर्फ कुठला, असं कुणी विचारेल. तिथल्या यझ्द, केरमानकडे मातीच्या घुमटांची ‘यखचाल’, म्हणजे बर्फघरं होती. हिवाळ्यात उथळ हौदातलं पाणी निरभ्र रात्री गोठायचं, तो बर्फ जाड भिंतींच्या आत जमिनीखालच्या खड्ड्यात उन्हाळ्यापर्यंत टिकायचा. आपल्याकडे हिवाळ्यात पाणी गोठत नाही, पण उन्हाळ्यात हवा कोरडी असल्याने माठ छान गार होतो. गार पाणी लागेल तिथे माठातलंच घ्यावं.

खरी अडचण बर्फाची आणि गुलाबजलाची. अखाद्य बर्फ निळसर करण्याचा नियम राज्यात 2018 पासून आहे, पण बर्फ पांढरा दिसला म्हणून तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. घरीच उकळून गार केलेल्या पाण्याचा लावावा. गुलाबजलाच्या बाटलीवर खाद्यपरवान्याचा क्रमांक पाहावा. चेहऱ्याला लावायचं वेगळं असतं. आणि इसेन्स असेल तर चमचे नव्हे, दोन-तीन थेंब.

आपल्या पुरवणीत थंड पदार्थांच्या कृती छापताना बर्फ कोणता आणि गुलाबजल कोणतं, एवढ्या दोन ओळी तरी द्याव्यात, ही विनंती.

आपली,
एक वाचक, परभणी