क्रूझची कपात पैसे घेण्याआधी मराठीत सांगा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

जळगाव-धुळ्याच्या ट्रॅव्हल एजन्सींच्या काचांवर पूर्वी चारधाम, तिरुपती आणि अष्टविनायक एवढंच असायचं. आता त्यांच्या शेजारी पांढरंशुभ्र जहाज चिकटवलेलं दिसतं. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, नाहीतर विमानाने सिंगापूर गाठून तिथून पुढे. भिसीचे पैसे, निवृत्तीची रक्कम, केळीच्या बऱ्या वर्षातली शिल्लक यातून लोक हौसेने निघतात. निघावंच. माझं म्हणणं फक्त सहल रद्द केली तर किती पैसे कापणार, या नियमाबद्दल आहे.

मी भुसावळचा. रेल्वेच्या आरक्षण खिडकीच्या आतल्या बाजूला ३१ वर्षं काढली. तिकीट रद्द केलं तर किती कापणार, किती परत मिळणार, यातच नोकरी गेली. खिडकीबाहेर वाद घालणाऱ्याला ‘नियम वाचायचा होता ना’ असं मी किती वेळा सुनावलं असेल, त्याची गणती नाही. म्हणून हे पत्र लिहिताना थोडी लाजही वाटते.

झालं असं. लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून आम्ही दोघे आणि धुळ्याचे साडू-मेव्हणी अशा चौघांनी फेब्रुवारीतली मुंबईहून ३ रात्रींची क्रूझ ठरवली. दोन केबिन, १,४८,००० रुपये, सगळे नोव्हेंबरातच भरले. जहाज सुटायला ११ दिवस असताना साडूंना हृदयविकाराचा झटका आला. धुळ्याहून रातोरात नाशिकला नेलं, दोन स्टेंट बसवले. तिसऱ्या दिवशी, दवाखान्याच्या बाकावर बसून मी एजंटला फोन लावला. तो ओळखीचा, बोलायला गोड. म्हणाला, “काका, १५ दिवसांच्या आत आलं ना, शंभर टक्के कपात. माझ्या हातात काही नाही, कंपनीची पॉलिसी आहे.” परत आले ते बंदराचं शुल्क आणि त्यावरचा कर, चौघांचे मिळून ९,६०० रुपये. भुसावळ-मुंबई रेल्वे तिकिटांचे पैसे, नियमाची कपात होऊन, चौथ्या दिवशी खात्यात जमा झाले होते.

मी नाशिकलाच कागदावर आकडेमोड करत बसलो होतो. साडू खाटेवरून बघत होते. म्हणाले, “तुमना रेल्वेना हिसाब आठे चालाव नही, भाऊ.” खरंच नाही चालला.

आमच्या साडूंचं आजारपण होतं, निदान आम्ही दोघांनी तरी जावं, असं काहींनी सुचवलं. मन झालं नाही, तो भाग वेगळा. पण समजा दोन मित्र एका केबिनमधून जाणार आहेत आणि एकाचं रद्द झालं, तर दुसऱ्याला बहुतेक वेळा जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. क्रूझवर भाव माणशी सांगतात, पण तो धरलेला असतो एका केबिनमध्ये दोघं या हिशेबाने. हे बुकिंग करताना कोणी सांगत नाही.

कंपनीची बाजू मला कळत नाही असं नाही. एसटीतली रिकामी सीट पुढच्या थांब्यावर भरते. जहाज एकदा धक्क्यावरून सुटलं की रिकाम्या केबिनसाठी पाचोऱ्याला कुणी चढत नाही. इंधन तेवढंच, खलाशी तेवढेच, शिधा भरून ठेवलेला. त्यामुळे तारीख जवळ येईल तशी कपात वाढवत नेणं, हे जगभर चालतं. रेल्वेतही तेच आहे, फक्त तिथे दिवसांऐवजी तास मोजतात. परदेशी क्रूझवर तर बयाणा बऱ्याचदा परतच मिळत नाही आणि उरलेले पैसे दोन-तीन महिने आधी भरावे लागतात.

माझी तक्रार कपातीवर नाही, ती कुठे लिहिली होती त्यावर आहे. इंग्रजीत, बारीक टायपात, १४ पानांच्या पीडीएफमध्ये, नवव्या पानावर. आणि ती पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली पैसे भरल्यावर. त्याच पीडीएफमध्ये कंपनीने स्वतःसाठी किती दारं उघडी ठेवली आहेत, तेही वाचण्यासारखं आहे. समुद्र खवळला तर कप्तान एखादं बंदर गाळू शकतो. मग परत काय, तर त्या बंदराचं शुल्क. लक्षद्वीपला तर मोठं जहाज दूर उभं राहतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. लाटा असतील तर बेट लांबूनच बघायचं. कंपनीनेच फेरी रद्द केली तर पैसे परत किंवा पुढच्या सहलीचं ‘क्रेडिट’. कोविडच्या वर्षी काही परदेशी कंपन्यांनी भरलेल्या रकमेच्या १२५ टक्के क्रेडिट देऊ केलं होतं. ऐकायला छान. पण क्रेडिटला मुदत असते आणि कंपनीला आयुष्य. २०१९ मध्ये मुंबईहून सुरू झालेलं ‘कर्णिका’ जहाज दुसऱ्याच वर्षी अलंगला भंगारात गेलं. आशियातली बडी म्हणवणारी क्रूझ कंपनी गेंटिंग हाँगकाँग २०२२ च्या जानेवारीत दिवाळखोरीत निघाली. पर्याय मिळाला तर रोखच मागावी, असं माझं मत आहे.

आता विम्याबद्दल. रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढताना ४५ पैशांची खूण करतो तोच प्रवास विमा, अशी पुष्कळांची समजूत आहे. तो अपघाताचा आहे. सहल रद्द झाली तर त्यातून एक रुपया मिळत नाही. सहल रद्द होण्याचा विमा वेगळा मागावा लागतो आणि तो बुकिंगच्याच दिवशी घ्यावा, कारण विमा घेण्याआधी आलेलं संकट त्यात बसत नाही. झटका आल्यावर किंवा वादळाचा इशारा लागल्यावर घेतलेली पॉलिसी त्या कारणासाठी उपयोगाची नाही.

ही गोष्ट आपल्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको. केळीचा फळपीक विमा त्याला तोंडपाठ आहे. उन्हाने होरपळलेली बाग दाखवून पैसे मिळत नाहीत, हवामान केंद्रात पारा ठरलेल्या अंशावर ठरलेले दिवस टिकावा लागतो. वाऱ्याने बाग आडवी झाली तर ७२ तासांत कळवावं लागतं. सहलीचा विमाही याच जातीचा. कारणांची यादी असते, कागद लागतात, मुदत असते. ‘मन बदललं’ किंवा ‘रजा मिळाली नाही’ हे सहसा यादीत नसतं. जुना मधुमेह, रक्तदाब लपवला तर दावा तिथेच अडतो, आणि सांगितला तरी त्यातून उद्भवलेलं दुखणं पुष्कळ पॉलिसींत वगळलेलं असतं. तेवढं विचारून घ्यावं.

आणखी एक गंमत मला नंतर समजली. पॉलिसीत ‘जवळचं कुटुंब’ म्हणजे नवरा-बायको, मुलं, आई-वडील, फार तर भाऊ-बहीण. साडू त्यात नाही! आम्ही विमा काढला असता तरी साडू-मेव्हणीला भरपाई मिळाली असती आणि आम्ही दोघं कोरडेच राहिलो असतो. सहप्रवाशाच्या आजारपणाचं कलम असेल तरच काही आशा. आपल्याकडे सहली चुलतभावंडं, व्याही, साडू यांच्याबरोबरच जातात, तेव्हा हे कलम पॉलिसीत आहे का ते आधी बघावं. परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: जहाजावरच्या डॉक्टरचं बिल वेगळं असतं आणि आपली घरची मेडिक्लेम बहुधा भारताबाहेर चालत नाही.

कायद्याची वाट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो की आणखी कुठली. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत २ वर्षं. मात्र करारच अन्यायकारक आहे, झालेल्या नुकसानीपेक्षा दंड अवाजवी आहे, असं म्हणायचं असेल तर त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं. हे मला वकिलाने सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. आपल्या वाट्याच्या ६९,२०० रुपयांसाठी हृदयरुग्ण साडूंनी तिथे खेटे घालायचे का, हा प्रश्न त्यांनी एका शब्दात निकालात काढला. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

माझी मागणी साधी आहे. एजंटांनी पैसे घेण्याआधी मराठीत एक पान द्यावं. अमुक तारखेपर्यंत रद्द केलं तर इतके रुपये परत, तमुक तारखेनंतर इतके. टक्के नकोत, तारीख आणि रुपये हवेत. खाली विमा घेतला की नाकारला, त्यावर गिऱ्हाइकाची सही. जिल्ह्यातल्या ट्रॅव्हल व्यावसायिकांच्या संघटनांनी मनावर घेतलं तर यासाठी सरकारी आदेशाची वाट बघायची गरज नाही. अशी कपात-तारीख न सांगणाऱ्या जाहिराती आपल्या पानांवरही येतात, तेव्हा आपणही एका ओळीचा आग्रह धरू शकता.

साडूंची तब्येत आता चांगली आहे. दिवाळीनंतर जायचंच म्हणून ते मागे लागले आहेत. त्याच एजंटचा परवा फोन आला, दोन केबिन शिल्लक आहेत म्हणून. मी त्याला ते एक पान लिहून पाठवायला सांगितलं आहे. अजून आलेलं नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त आरक्षण लिपिक, भुसावळ