काकांचं पासबुक

संपादक महोदय,

हल्लीची मुलं म्हातारपणाचा विचारच करत नाहीत, अशी तक्रार आमच्या भजनी मंडळात नेहमी होते. टपाल खात्यात अल्पबचतीच्या खिडकीवर माझी २७ वर्षं गेली. मला हे पटत नाही.

पीपीएफचं, म्हणजे सरकारी दीर्घ मुदतीच्या बचत योजनेचं, खातं उघडायला तेवीस-चोवीस वर्षांची मुलं येत आणि पंधरा वर्षांची मुदत ऐकूनही बिचकत नसत. त्यातली बरीच इंदूरच्या मालवा मिल, पाटणीपुरा या गिरणी भागातली. "बाबा मिलमध्ये होते," एवढंच सांगत. इथली हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या देण्यापोटी सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी! त्या मुलांना बचतीचं महत्त्व मी काय सांगणार?

आमच्या घरी मात्र आम्ही गप्प राहिलो. माझी पेन्शन जुनी सरकारी, महागाई भत्त्यासह. यजमान खासगी कारखान्यात होते. त्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन महिना पंधराशे रुपयेसुद्धा मिळत नाही. पुतण्या आमच्याकडे राहून शिकला, पण हा आकडा त्याला कधी कळू दिला नाही. संकोच वाटायचा. चार वर्षांपूर्वी पहिली नोकरी सुटल्यावर तो तीन महिने घरी होता. तेवढ्यात सगळा पीएफ काढून त्यानं मोटारसायकल घेतली. मी खूप बोलले. यजमान काहीच बोलले नाहीत, कपाटातून आपल्या पेन्शनचं पासबुक काढून त्याच्या हातात दिलं. बराच वेळ पानं उलटून त्यानं विचारलं, "काका, यात औषधं तरी येतात का?" नव्या नोकरीत त्यानं पीएफला हात लावलेला नाही, एनपीएसचं (राष्ट्रीय पेन्शन योजनेचं) खातंही स्वतःहून उघडलं.

ते पासबुक त्याच्या पहिल्या पगारालाच दाखवायला हवं होतं, ही चूक आमची.

आमच्या गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रात काम करणारी मुलगी नुकतीच अठरा वर्षांची झाली. तिला अटल पेन्शन योजनेबद्दल सांगितलं. साठीनंतर महिना ५,००० रुपये हवे असतील, तर अठराव्या वर्षी सुरू केल्यास महिन्याचा हप्ता २१० रुपये आणि चाळिसाव्या वर्षी सुरू केल्यास १,४५४. हे ऐकून तिनं आधी आईचं वय मोजलं. आई चाळीसची आहे, म्हणजे योजनेच्या वयोमर्यादेत अजून बसते.

वयानुसार हप्त्यांचा हा तक्ता आपण एखाद्या रविवारी मोठ्या अक्षरांत छापावा. त्या केंद्राच्या भिंतीवर मी तो चिकटवीन.

एक निवृत्त टपाल कर्मचारी,
सुदामा नगर, इंदूर