निकष आधी लिहा, प्रोग्रॅम नंतर

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शेंडा पार्कातील जागेवर आयटी पार्क व्हावे, या मागणीवर कोल्हापुरात बरेच लिहिले-बोलले जाते. पण आज येथे जे सॉफ्टवेअर तयार होते ते ग्राहकाने कशाच्या आधारावर स्वीकारायचे, याची चर्चा फारशी होत नाही. गेली काही वर्षे मी टेस्टर म्हणून काम करीत असल्याने या विषयाकडे लक्ष वेधू इच्छितो.

एका दूध संस्थेच्या संकलन प्रणालीवर आम्ही काम करीत होतो. ‘उत्पादक म्हणून मला दुधाची नोंद मोबाईलवर मिळावी, म्हणजे दहा दिवसांच्या बिलाशी ती पडताळता येईल’, एवढीच युजर स्टोरी (वापरणाऱ्याच्या शब्दांत मांडलेली गरज) होती आणि खाली निकष म्हणून, म्हणजे काम पुरे झाले हे ठरवण्याची अट म्हणून, ‘संदेश त्वरित व बिनचूक जावा’ असे एक वाक्य होते. डेव्हलपरने एकाच क्रमांकावर लागोपाठ आलेला दुसरा संदेश दुबार समजून थांबवला. खेड्यात नवऱ्याच्या आणि बायकोच्या नावाने दोन खाती असतात आणि मोबाईल मात्र घरात एकच असतो, हे आमच्यापैकी कोणी विचारलेच नव्हते. एक मावशी महिनाभराच्या कागदी पावत्या पिशवीत घालून संस्थेत आल्या, तेव्हा चूक उघड झाली. त्या पावत्या एकेक करून मीच जुळवल्या.

‘त्वरित’ आणि ‘बिनचूक’ हे शब्द तपासता येत नाहीत. ‘एकाच क्रमांकावर दोन सभासद नोंदलेले असताना, दोघांचे दूध सकाळच्या संकलनात घेतल्यावर, दोन स्वतंत्र संदेश गेले पाहिजेत आणि प्रत्येकात सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातील फॅटव्यतिरिक्तचे घन घटक) व रक्कम असली पाहिजे’, हे तपासता येते. सॉफ्टवेअर तज्ज्ञ डॅन नॉर्थ यांनी रूढ केलेली ‘गिव्हन-व्हेन-देन’ ही मांडणी मराठीत ‘असताना, केल्यावर, झाले पाहिजे’ अशी सहज बसते. म्हणूनच निकष मराठीत लिहावेत, म्हणजे संस्थेचे सचिव ते वाचून ‘असे होत नाही’ म्हणून वेळीच अडवू शकतील. वीज गेली, फॅट मशीनने आकडा दिला नाही, हाताने केलेली नोंद नंतर दुरुस्त करावी लागली, तर काय व्हावे, हे तर हमखास लिहिलेच पाहिजे, कारण रोजचे वाद तिथेच होतात. बटण कोणत्या रंगाचे आणि माहिती डेटाबेसच्या कोणत्या टेबलात, हा मात्र निकषांचा विषय नव्हे.

सॉफ्टवेअर तज्ज्ञ रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये युजर स्टोरीची तीन अंगे सांगितली: कार्ड (गरजेची थोडक्यात लेखी नोंद), संवाद (तिच्यावरची चर्चा) आणि खातरजमा (ती पुरी झाली का, हे निकषांवर तपासणे). आपल्याकडे कार्ड लिहिले जाते, संवाद फोनवर उरकतो आणि खातरजमेची आठवण बिल अडल्यावर होते. निकषांवर ग्राहकाची सही झाल्याशिवाय कोडिंगला हात लावू नये, एवढा नियम जरी येथील कंपन्यांनी पाळला तरी बरेचसे तंटे मिटतील.

अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही एक विनंती आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात विद्यार्थ्यांकडून निकष लिहून घ्यावेत, आणि तेही प्रयोगशाळेत बसून नव्हे, तर एक दिवस पहाटे एखाद्या गावच्या संकलन केंद्रात उभे राहून.

आपला,
एक सॉफ्टवेअर टेस्टर, कोल्हापूर