झाडलेलं घर रिकामं ठेवू नकोस

प्रिय आशिष,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू म्हणालास, "पप्पा, दारू सुटली, पत्ते सुटले, पण आता आत काहीच वाटत नाही. चर्चलाही तीन रविवार गेलो नाही." तुला तेव्हा कामावर जायची घाई होती, म्हणून लिहायला बसलो. कागद खिशात राहतो, पुन्हा काढून वाचता येतो.

प्रभूने सांगितलेला तो दृष्टांत आठव. अशुद्ध आत्मा माणसातून निघतो, निर्जल जागी विसावा शोधत हिंडतो, कुठंच मिळत नाही म्हणून मागं वळतो. येऊन बघतो तर घर झाडलेलं आणि सजवलेलं. मग तो आपल्याहून वाईट असे आणखी सात जण घेऊन येतो. बायबलात लूकच्या ११व्या अध्यायात हे आहे आणि मत्तयाच्या १२व्यातही. मत्तय एक शब्द जास्त घालतो: घर *रिकामं* होतं. सगळा घोटाळा त्या शब्दात आहे. झाडण्यात चूक नव्हती, पण झाडल्यावर आत कुणी राहायला आलं नव्हतं.

तुझा हिशेब मांडून बघ. संध्याकाळी सहा ते दहा तुझं 'बसणं' असायचं. दिवसाचे चार तास म्हणजे आठवड्याचे २८ तास. ते २८ तास अकरा महिन्यांपासून मोकळे आहेत. त्यांच्या बदल्यात आलं काय? रविवारची दीड-दोन तासांची उपासना, आणि आता तीही तीन आठवडे नाही. उरलेले तास खोलीत, हातात मोबाइल. बाळा, तुझा विश्वास खोटा नाही, तुझी संध्याकाळ रिकामी आहे. दोन्ही गोष्टी एक समजू नकोस.

इब्री लोकांस लिहिलेलं पत्र अशाच माणसांसाठी आहे. पत्रात १३ अध्याय आहेत, मोठ्यानं वाचलं तर तासाभरात संपतं. ती माणसं नवखी नव्हती. विश्वास धरल्यावर त्यांनी निंदा सोसली होती, मालमत्ता लुटली गेली तीही आनंदानं सोसली होती (१०:३२ ते ३४). मग वर्षं गेली, हात गळले, गुडघे लटपटायला लागले, आणि काही जणांनी एकत्र जमणंच सोडलं. संकटात टिकलेली माणसं संकट ओसरल्यावर ढिली पडली. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात लेखकानं वापरलेला शब्द वाहत्या पाण्यात हळूहळू बाजूला सरकत जाण्याचा आहे. नावेचा दोर कुणी तोडलेला नसतो, नुसता सैल झालेला असतो. मागं जाणारा माणूस एका उडीत जात नाही. आधी प्रार्थना चुकते, मग रविवार चुकतो, मग चौकशी करणाऱ्यांचे फोन घ्यायला नको वाटतात, आणि बाटली सगळ्यात शेवटी येते. तू आत्ता दुसऱ्या पायरीवर आहेस. इथून वळणं सोपं आहे.

"काहीच वाटत नाही" याची मला तेवढी काळजी वाटत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण स्वतः ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. तोवर त्यांनी हात जोडून वाट पाहिली नाही. शारदा सदन त्याच वर्षांत, १८८९ साली सुरू झालं. भावना मागून येतात, कधी बऱ्याच उशिरा येतात. तोवर करायचं ते करत राहायचं.

आता ओढीबद्दल. इस्राएल लोक मिसर देशातून निघाले, आणि अरण्यात त्यांना कशाची आठवण यावी? मासे, काकड्या, खरबुजं, भाजी, कांदे, लसूण. बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात ही यादी आहे, आणि वर म्हणतात की हे तिथं फुकट मिळायचं! कांद्याचा वास त्यांच्या नाकात शिल्लक होता. विटांच्या भट्ट्या, पेंढा न देता तेवढ्याच विटा मागणारे मुकादम आणि पाठीवरचे वळ मात्र यादीत नाहीत. आठवण अशीच अर्धी येते. तुला शनिवारची रात्र आठवेल, पहिला पेग, गार ग्लास, चकण्याची बशी, हसणारे चेहरे. तिला तिथं थांबू देऊ नकोस. तीच आठवण पुढं ओढत ने: रात्री दोनची उलटी, सकाळी हरवलेलं पाकीट, चुकलेली शिफ्ट, आईचा चेहरा. एका कागदावर ही पूर्ण रात्र तारखेसकट लिहून पाकिटात ठेव. ओढ आली की आधी तो कागद वाच.

ओढ कायमची नसते हे पक्कं लक्षात ठेव. बहुतेक वेळा ती पंधरा ते तीस मिनिटांत चढते आणि उतरते. तेवढा वेळ काढायचा आहे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चारांपैकी एक तरी असेल तेव्हा ती जास्त जोरात येते. म्हणून आधी काहीतरी खा. गूळ-शेंगदाणे किंवा एखादं केळं कायम जवळ असू दे. दारू सोडलेल्याला गोडाची ओढ लागते, त्यात पाप काही नाही. मग खोलीबाहेर पड, एकाला फोन लाव, आणि १२१वं स्तोत्र मोठ्यानं म्हण. आठच वचनं आहेत, पाठ कर. मनातल्या मनात म्हटलेली प्रार्थना ओढीच्या वेळी विचारांत वाहून जाते. ओठांनी म्हटलेली टिकते. ना. वा. टिळकांचं एखादं ख्रिस्ती भजन पाठ असू दे, ते मशीनच्या आवाजातही गुणगुणता येतं.

पगाराचा दिवस वेगळा धर. पगार जमा झाला की संध्याकाळ व्हायच्या आत भाडं, मेसचे पैसे, घरचे पैसे आणि दान बाजूला काढ, आणि आठवड्याला लागतील तेवढेच पैसे खर्चाच्या खात्यात ठेव. मोबाइलवरचे रमीचे अ‍ॅप काढलेस, तरी तसले मेसेज आले तर तेही ब्लॉक कर. ३१ डिसेंबरला रात्री हॉलवर 'नुसतं जेवायला' जाऊ नकोस. त्या रात्री आपल्याकडे उपासना असते ती उगाच नाही.

शास्त्रवाचनात बहुतेक जण कुठं अडतात ते सांगतो. उत्साहानं १ जानेवारीला उत्पत्तीपासून सुरुवात करतात, दिवसाला तीन अध्याय. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० तीस दिवसांत होतात, आणि ३१ जानेवारीला लेवीय उघडतं. यज्ञांचे नियम, कुष्ठाचे नियम. दोन दिवस चुकतात, सहा अध्याय थकतात, मग थकलेल्या हप्त्यासारखं ते डोक्यावर बसतं आणि पुस्तक कपाटात जातं. तू असं कर. आधी मार्क, १६ दिवस, रोज एक अध्याय. मग इब्री, १३ दिवस. महिना होत आला. त्यानंतर आठवड्याला पाच अध्याय धर, शनिवार-रविवार मोकळे. नव्या करारात २६० अध्याय आहेत, ५२ आठवड्यांत बरोबर पूर्ण होतो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नकोस. जिथं थांबलास तिथून एकच वाच. छापील पुस्तक घे. मोबाइलवर वाचताना वरून मेसेज टपकतो आणि दहा मिनिटांनी आपण कुठल्या कुठं असतो.

वेळ घड्याळाला बांधू नकोस, शिफ्टला बांध. तुझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे 'पहाटे पाचला प्रार्थना' हा नियम तिसऱ्या आठवड्यात मोडणारच. त्यापेक्षा 'डबा भरायच्या आधी वीस मिनिटं' असं ठरव, मग पहिली असो की रात्रपाळी. रात्रपाळीहून आल्यावर पलंगावर आडवं होऊन वाचायला घेऊ नकोस, दोन ओळींत डोळा लागतो आणि मग उगाच अपराधी वाटतं. झोप घे, कामावर जायच्या आधी वाच.

मंडळी, म्हणजे तुझं चर्च. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून थोडं कडक लिहितो. पुण्यात गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय हे चर्च एकदा जाऊन बघ, मन भरून येतं. पण चाकणहून दर रविवारी पुण्यात जाणं तुला जमणार नाही, आणि न जमणं हेच निमित्त होईल. राहतोस तिथून अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येईल अशी मंडळी शोध. तीन रविवार बघ, चौथ्या रविवारी ठरव. बघायचं एवढंच: शास्त्र उघडून समजावून सांगतात का, प्रभुभोजन नीट होतं का, आणि गैरहजर राहिल्यावर कुणी विचारतं का. गाणी किती जोरात आहेत ते बघू नकोस. 'एवढं दे, तेवढं मिळेल' असं सांगणाऱ्यांपासून दूर राहा. बढती मिळेल या आशेवर धरलेला विश्वास बढती हुकली की सुटतो. खडकाळ जमिनीतलं बी असंच उगवतं आणि उन्हानं करपतं. आणि मागच्या बाकावर बसून आशीर्वाद होताच निघून जाऊ नकोस. सतरंज्या उचल, खुर्च्या लाव, शब्बाथ शाळेच्या, म्हणजे रविवारच्या बायबल वर्गाच्या, पोरांना सांभाळ. ज्याच्याकडे काम असतं त्याची वाट पाहिली जाते.

इब्रीच्या ३:१३ मध्ये एकमेकांना *दररोज* बोध करा असं म्हटलंय, दर रविवारी नाही. त्यासाठी एक माणूस लागतो. पाळकसाहेबांना सांगून वयानं मोठा, पोटात गोष्ट ठेवणारा एक भाऊ निवड. आठवड्याचा एक दिवस ठरव आणि त्याला तीनच प्रश्न विचारायला सांग: प्यायच्या जागी गेलास का, पैसे कुठं गेले, प्रार्थना कितींदा चुकली? उत्तर खरं द्यायचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी वचनाचं चित्र टाकणं म्हणजे सहभागिता नव्हे.

जुन्या मित्रांना तोडू नकोस. त्यांच्यावर प्रेम कर, पण सकाळी भेट, चहाच्या टपरीवर भेट. आग्रह झाला तर "मी घेत नाही, चहा घेतो" एवढंच म्हण. "सोडलीये" म्हणालास तर "कधीपासून, कशाला, आज एकच" सुरू होतं. कारण दिलंस की त्यांच्या हातात दोरी दिलीस. आणि वादात त्यांना पापी ठरवायला जाऊ नकोस. त्यातून गर्व येतो, आणि गर्वानं उभा राहिलेला लवकर पडतो.

आणि पडलास तर? हे लिहिताना हात जड होतो, तरी लिहितो, कारण खरा घात पडल्यानंतरच्या तासांत होतो. एक ग्लास घेतला की मन म्हणतं, आता गेलंच सगळं, मग पुरी बाटली का नको. खोटं आहे ते. एक ग्लास म्हणजे एक ग्लास. तिथंच ठेव, उठ, त्या भावाला फोन कर, मला कर, रात्रीचे तीन वाजले असले तरी. आपण पापं कबूल केली तर देव क्षमा करतो, हे १ योहान १:९ चं वचन विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेलं आहे. येणारा रविवार त्या कारणानं चुकवू नकोस, त्याच रविवारी जायचं. सलग काही दिवस प्यायला लागलास तर मात्र एकटा खोलीत एकदम बंद करू नकोस. हात कापणं, घाम, भास होणं, आकडी येणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकतं आणि जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी सभाही भरतात. तिथं जाणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. औषध घेणारा प्रार्थना सोडत नाही.

इब्रीच्या सहाव्या अध्यायात विश्वासापासून ढळलेल्यांना परत आणणं अशक्य आहे असं वाचून घाबरशील, म्हणून आधीच सांगतो. तिथं जाणूनबुजून, ठरवून ख्रिस्ताला नाकारणाऱ्याची गोष्ट आहे असं मी समजतो. 'मी त्यातला तर नाही ना' म्हणून रडणारा त्यातला नसतो. नववं वचन, 'तुमच्याविषयी याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे' असं सांगणारं, वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नकोस.

पेत्राकडे बघ. मुख्य याजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा असताना त्यानं प्रभूला तीनदा नाकारलं. पुढं तिबिर्या समुद्राच्या काठी प्रभूनं त्याला बोलावलं तेव्हा तिथंही कोळशांचाच विस्तव होता, वर मासळी, बाजूला भाकर. मूळ ग्रीकमध्ये हा शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. तोच वास, तेच निखारे, आणि प्रभू आधी म्हणतो, या, न्याहारी करा. 'माझ्यावर प्रीती करतोस का' हे तीन प्रश्न त्यानंतर. मार्कसुद्धा पौलाबरोबरच्या सुवार्तेच्या प्रवासात पिर्गाहून अर्ध्यातून परत फिरला होता. पौल त्याला पुन्हा बरोबर घ्यायला तयार नव्हता, त्यावरून बर्णबाशी त्याचा खटका उडाला. त्याच पौलानं शेवटच्या पत्रात लिहिलं, मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. तुझं वाचन मार्कपासून सुरू करायला सांगितलं ते यासाठीही.

शुक्रवारच्या एसटीनं पार्सल येईल. त्यात मोठ्या अक्षरांचा नवा करार आहे, मार्कच्या पहिल्या पानावर दोरा ठेवलाय. आईनं शेंगदाण्याची चटणी आणि गुळाच्या दोन ढेपा दिल्यात. रविवारी उपासना झाल्यावर फोन कर, पाळकसाहेबांचं नाव काय आणि खुर्च्या किती लावल्यास ते सांग.

तुझे,
पप्पा