कप्पीने वजन हलके होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळकरी मुलांना साध्या यंत्रांविषयी विचारले की ‘यंत्रामुळे कमी श्रमात जास्त काम होते’ हे उत्तर ठरल्यासारखे येते आणि विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवरही बहुधा तेच वाक्य झळकते. यंत्रामुळे कमी लागते ते बल. काम, म्हणजे बल गुणिले अंतर, कमी होत नाही. बल जितक्या पटीने कमी होते, निदान तितक्याच पटीने ते लावण्याचे अंतर वाढते, आणि घर्षणामुळे प्रत्यक्षात काम थोडे जास्तच करावे लागते. पाच फुटी पहारीने दगड उचकटताना दगडाच्या बाजूला अर्धा फूट आणि हाताच्या बाजूला साडेचार फूट सोडून टेकू दिला, तर भाराच्या नवव्या हिश्शाइतके बल पुरते. म्हणजे यांत्रिक फायदा (भार भागिले बल) नऊ. मात्र दगड एक इंच उचलण्यासाठी हात नऊ इंच खाली न्यावा लागतो, हे वहीत क्वचितच उतरते.

कप्पीबाबत तर गैरसमज अधिक आहे. आपल्या खानदेशातील काही जुन्या विहिरींवर मोटेची, म्हणजे बैलांनी ओढून पाणी वर काढायच्या मोठ्या पिशवीची, जागा आणि बैलांची धाव, म्हणजे त्यांची ये-जा करायची वाट, अजून ओळखू येते. मोटेचे चाक ही जागची न हलणारी कप्पी. तिचा यांत्रिक फायदा जेमतेम एक, घर्षण धरले तर त्याहूनही कमी. मग चाक बसवायचे कशाला? पाणी वर यायला हवे आणि बैल तर जमिनीवरून पुढेच ओढणार, म्हणून नाड्याच्या, म्हणजे मोटेच्या दोराच्या, ओढीची दिशा बदलण्यासाठी. त्यातही धाव विहिरीपासून दूर जाताना उतरती केलेली असे, त्यामुळे बैलांच्या अंगच्या वजनाची ओढीला जोड मिळे. पण रिकामी मोट खाली सोडताना तीच धाव चढून त्यांना मागे यावे लागे, म्हणजे उतरताना मिळालेले चढताना फेडावे लागे. ज्या कोणी ही रचना प्रथम योजली, त्याला हा हिशेब पुरता कळलेला असणार. निम्म्या बलात भार उचलायचा असेल तर भाराबरोबर वर सरकणारी कप्पी हवी, आणि तिथेही भार एक मीटर चढवायला दोर दोन मीटर ओढावा लागतो.

घर्षणाचा भाग शिकवताना आपण फारच घाईने पुढे जातो. जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातून, निघणारी रुईची गाठ प्रमाण वजनाची म्हणजे 170 किलोची असते. ती 1.2 मीटर उंचीच्या ट्रकच्या हौद्यात 3.6 मीटर लांबीच्या फळीवरून ढकलली, तर कागदावर सुमारे 57 किलो वजनाइतके बल पुरायला हवे. फळीवर घासत जाणाऱ्या गाठीला प्रत्यक्षात त्याहून पुष्कळच जास्त लागते. उलट, ट्रॅक्टर उचलायच्या मळसूत्री जॅकमध्ये घर्षण हवेच असते. दांडा 30 सेंटिमीटर आणि आट्यांमधील अंतर 6 मिलिमीटर असेल, तर हिशेबाने फायदा तीनशेच्या वर जातो, पण त्यातला अर्ध्याहून अधिक घर्षणात जातो. हात काढल्यावर ट्रॅक्टर खाली येत नाही, तो याच घर्षणामुळे. चिमट्यासारख्या साधनांत फायदा मुद्दामच एकाहून कमी ठेवलेला असतो, हेही मुलांना सांगायला हवे.

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. तानकाटा, मीटरपट्टी, दोन कप्प्या आणि एक फळी एवढे साहित्य बहुतेक शाळांत असते किंवा सहज जमवता येते. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त होणाऱ्या प्रदर्शनांत परीक्षकांनी अशा प्रत्येक प्रतिकृतीसोबत मोजमापाचा तक्ता मागावा, त्यात बलाच्या रकान्याशेजारी अंतराचा रकाना असावा, आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनीही ‘बल किती लागेल’ या प्रश्नाला जोडून ‘दोर किती ओढावा लागेल’ हे विचारावे, अशी विनंती आपल्या पत्राद्वारे करीत आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
चोपडा, जि. जळगाव