चादर हरवली नव्हती

माल्टाच्या पूर्वेला, नांगरावर
रविवार, रात्रीचे साडेनऊ

ती. आई आणि ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगणं जमलं नसतं. एक तर जहाजावरचं नेट मधेच जातं, आणि बाबा फोन डाव्या कानाला लावून "हो हो, बरं" करतात नि आईकडे देऊन टाकतात. म्हणून लिहितोय. पिंकी प्रिंट काढून देईल, अक्षर मोठं ठेवायला सांगितलंय. आई, डोळ्यांचे थेंब संपले असतील तर आधी ते मागव, मग वाच.

बाबा, गेल्या रविवारी टीव्हीवर आफ्रिकेतून बोटींनी चोरून युरोपकडे निघालेल्या लोकांना नौदलाचं जहाज समुद्रातून वर घेताना दाखवलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "वाचवायला जहाजं उभी केली की आणखीच निघतात लोकं. सोय झाली नं त्यांची!" मी तोंड उघडलं तर "तू त्यांचीच बाजू घेऊन राहिला" म्हणून चिडलात. मी गप्प बसलो. तुमच्या बीपीसाठी नाही. या विषयावर मी दहा वर्षांत तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही, आणि आईला तर चक्क खोटं सांगितलंय, म्हणून.

2015 चा जून होता. मी थर्ड ऑफिसर. स्वेजहून निघून फॉस्फेट भरायला ट्युनिशियातल्या स्फॅक्सला चाललो होतो, जहाज रिकामं. सकाळच्या वॉचला रोमच्या शोध-बचाव केंद्राचा निरोप आला: लिबियाच्या उत्तरेला रबरी बोट आहे, सगळ्यात जवळ तुम्ही आहात, वळा. यात मर्जीचा प्रश्न नसतो. समुद्रात जीव धोक्यात असलेल्याला मदत करणं प्रत्येक कप्तानावर बंधनकारक आहे. 1982 च्या सागरी कायद्याच्या कराराचं 98 वं कलम तेच सांगतं. तो माणूस कुठला, त्याच्याकडे कागद आहेत का, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही.

दोन तासांनी बोट दिसली. दहा-बारा मीटरची, करड्या रबराची, आणि तिच्यावर शंभराच्या वर माणसं. कडेच्या फुग्यावर पोरं घोड्यावर बसल्यासारखी, एक पाय आत, एक पाण्यात. आणि आम्ही? रिकाम्या मालवाहू जहाजाचा डेक पाण्यापासून तीन-चार मजले वर असतो. आपल्या धरमपेठेतल्या एखाद्या गच्चीवरून खाली रस्त्यावरच्या माणसाला हात द्यायचा, असं काहीतरी. शिवाय दोनच महिन्यांपूर्वी, 18 एप्रिलला, मदतीला आलेलं मालवाहू जहाज जवळ पोचत असतानाच एक भरलेली बोट त्याच्यावर आदळली, माणसं एका बाजूला झाली आणि ती उलटली. 800 च्या आसपास माणसं गेली, वाचली 28. आमच्या कप्तानाच्या डोक्यात तेच होतं. त्याने जहाज लांबच वाऱ्याला आडवं धरलं, बोटीला लाटांपासून आडोसा केला आणि नौदलाची वाट बघत बसला. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आज मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

तेवढ्यात एका पोराने उडी मारली आणि आमच्याकडे पोहायला लागला. आमची रेस्क्यू बोट उतरवून त्याला आणलं. सतरा-अठरा वर्षांचा असेल. औषधपाणी माझ्याकडे होतं, म्हणून त्याला जहाजावरच्या दवाखान्यात मी घेऊन गेलो. अंगाला पेट्रोलचा इतका वास की खोलीत डोळे चुरचुरायला लागले. मांड्यांची कातडी सोलून निघाली होती. आधी वाटलं, उन्हाने. पण या बोटींमध्ये पेट्रोल डब्यांतून सांडतं, तळाशी साचलेल्या खाऱ्या पाण्यात मिसळतं आणि त्यात तासन्‌तास बसणाऱ्याची कातडी भाजून निघते. बायकांचं सगळ्यात वाईट होतं, कारण पडू नयेत म्हणून त्यांना मधोमध, खालीच बसवतात. मी त्याला गोड्या पाण्याने धूत राहिलो, धूत राहिलो. तो रडला नाही. पँटचा कमरपट्टा उलटा करून आत बॉलपेनने लिहिलेला नंबर दाखवत होता. अर्धे आकडे पुसलेले.

अंगावर घालायला कपडा सोसवेना. आई, तुझी सोलापुरी चादर त्याच्याभोवती गुंडाळली. संध्याकाळी नौदलाच्या बोटीतून तो चादरीसकट गेला. लॉन्ड्रीत हरवली म्हणालो होतो, आणि तू वर्षभर त्या बिचाऱ्या लॉन्ड्रीवाल्याला बोल लावत होतीस. जहाजावर लॉन्ड्रीवाला नसतोच गं.

नौदलाचं जहाज दुपारी आलं होतं. आयर्लंडचं. एवढासा देश, तोही दूर अटलांटिकमध्ये, त्याने त्या उन्हाळ्यात इथे जहाज पाठवलं होतं. त्यांचं काम मी दुर्बिणीतून चार तास पाहिलं. मोठं जहाज लांब उभं, त्यावरून दोन छोट्या वेगवान बोटी उतरल्या. पांढरे सूट, तोंडाला मास्क. आधी नुसती प्रदक्षिणा घातली. एक खलाशी पुढे उभा राहून दोन्ही तळवे खाली दाबत होता: बसा, बसा, बसा. कोणालाही उचलण्याआधी नारिंगी लाइफ जॅकेटं वाटली. धांदलीत कोणी पडलं तरी तरंगेल म्हणून. मग एकेका फेरीत पंधरा-वीस जण. माणसं कमी झाली तशी ती बोट मधून वाकत गेली, ओल्या पापडासारखी. शेवटी ती रिकामी केली आणि नष्ट केली, पैसे घेऊन माणसं पाठवणाऱ्या तस्करांनी पुन्हा वापरू नये म्हणून.

बाबा, तुम्ही अकाउंट्समधले, तेव्हा तुमच्या प्रश्नाला आकड्यांनीच उत्तर देतो. ऑक्टोबर 2013 मध्ये इटलीच्या लाम्पेदुझा बेटाजवळ 360 हून अधिक लोक बुडाले. त्यानंतर इटलीने ‘मारे नोस्त्रुम’ नावाने नौदल उतरवलं. खर्च महिन्याला साधारण 90 लाख युरो. वर्षभरात सुमारे दीड लाख लोक वाचवले. मग हीच ओरड झाली, जहाजं आहेत म्हणून येतात, शिवाय खर्च एकट्या इटलीने का करावा. 2014 च्या ऑक्टोबरअखेर मोहीम बंद. तिच्या जागी युरोपची जी आली तिचं बजेट सुरुवातीला एक तृतीयांशाच्या आसपास आणि पहारा मुख्यतः इटलीच्या किनाऱ्यालगत. लोक निघायचे थांबले का? नाही. तो 18 एप्रिल त्यानंतरचाच. मग घाईघाईने पुन्हा ब्रिटिश, जर्मन, आयरिश जहाजं आली.

तुमचं एक मात्र खरं आहे, तेही लिहितो. नौदल लाकडी बोटी जाळायला लागल्यावर तस्करांनी स्वस्तातल्या रबरी बोटी काढल्या, आणि पेट्रोल जेमतेम लिबियाची हद्द ओलांडेल एवढंच द्यायचे. पुढे कोणीतरी उचलेलच, हा हिशेब. हिशेब तस्करांचा, बोटीतल्याला तो कोणी समजावून सांगत नाही. 2019 च्या मार्चमध्ये युरोपच्या नौदल मोहिमेने जहाजं काढून घेतली, नुसती विमानं ठेवली. वरून बोट दिसते, पण विमानातून माणूस उचलता येत नाही.

आई, याच मोहिमेचं नाव ‘सोफिया’ होतं. 2015 च्या ऑगस्टमध्ये जर्मन युद्धनौकेवर एका सोमाली बाईला मुलगी झाली, तिचं हे नाव. तोफा लावलेल्या जहाजावर बाळंतपण! तू असतीस तर डिंकाचे लाडू विचारले असतेस.

आणि बाबा, 2015 च्याच मार्चअखेर, एप्रिलच्या सुरुवातीला तुम्ही टीव्हीसमोरून हलत नव्हता, आठवतं? येमेनमध्ये लढाई पेटली आणि आपल्या नौदलाची ‘सुमित्रा’ अदनच्या बंदरात शिरून 349 भारतीयांना जिबुतीला घेऊन गेली. ‘ऑपरेशन राहत’. तुम्ही मला सॅटेलाइट फोनवर सांगत होता, महागडी मिनिटं जळत होती, आणि तुमचा आवाज भरून आला होता. त्या मोहिमेत आपण 41 देशांच्या 960 परदेशी लोकांनाही बाहेर काढलं, हेही तुम्हीच सांगितलं होतंत.

अंबाझरी तलावाच्या पुराचं लिहू की नको, असं करत इथवर आलो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे तलाव भरून वाहिला तेव्हा मी ब्राझीलला होतो, आणि मला कळलं तुम्ही काकांकडे पोचल्यावर. बाबा तर अजून विषय काढला की "जास्त काही नव्हतं, कमरेएवढं पाणी" म्हणतात. पण आईने नंतर सगळं सांगितलं. बाबा कागदपत्रांची फाइल सापडल्याशिवाय निघायला तयार नव्हते. खिडकीशी लागलेली बोट रबराचीच होती. आणि ती धरून उभा असलेला पोरगा ओरडत होता, "आजोबा, उभं राहू नका, बसा, सगळे एका बाजूला येऊ नका!" आई हसत हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. मला तो दोन्ही तळवे खाली दाबणारा खलाशी दिसत होता.

फाइल त्याने बघायला मागितली का हो, बाबा?

बरं. माझा कॉन्ट्रॅक्ट दिवाळीच्या आधी संपतोय, तिकीट नागपूरपर्यंतचंच काढायला सांगेन, मुंबईत कोणी घ्यायला येऊ नका. आई, नवी चादर घेऊन ठेवू नकोस, इथे ब्लँकेट देतात. आणि घेतलीच तर निळी घे, ती तशीच होती.

इन्व्हर्टर अजून जिन्याखालीच आहे, असं पिंकी म्हणाली. पावसाआधी तो वरच्या खोलीत हलवा, इलेक्ट्रिशियनचे पैसे मी पाठवले आहेत. बॅटरी स्वतः उचलू नका.

तुमचा,
बाळू